तळापासून लिहिलेली यादी

पाच महिने! आमचं लग्न ठरायलासुद्धा इतका वेळ लागला नव्हता. पाच महिने आमच्या घरात एकच विषय चालला होता, की खारूने मेडिकलला अर्ज कुठे करायचा. खारू म्हणजे आमची मुलगी. लहानपणी खोडरबर, बटणं, पेन्सिलीचे तुकडे असलं काहीबाही उशीखाली साठवायची, म्हणून खारूताई, आणि मग नुसती खारू. आता सतरा वर्षांची आहे, माझ्याहून चार बोटं उंच आहे आणि उशीखाली कॉलेजांची माहितीपत्रकं ठेवून झोपते.

सल्ल्यांना तर ऊत आला होता. माझी बहीण म्हणायची, मोठ्या शहरातच टाका. माझे दीर म्हणायचे, मोठ्या शहरात मुळीच टाकू नका. खालच्या मजल्यावरचे शिक्षक मला जिन्यात अडवून, हातातल्या पिशव्यांसकट उभं करून, टक्केवारी समजावून सांगायचे. मी आपली हो हो म्हणायचे. घरी जाऊन पाय वर करून बसायची घाई असली की माणूस कशालाही हो म्हणतो.

मी हॉस्पिटलात काम करते. डॉक्टर नाही, नर्स नाही. ऑपरेशनची औजारं धुवायची, मोजायची, ट्रेमध्ये लावायची, गुंडाळायची आणि वाफेच्या मशीनमधून काढून वर पाठवायची, ते आमचं खातं. तळघरात आहे, खिडकी नाही. सकाळी सहा ते दोन, सगळं उभ्याने. आमचे हे लाँड्रीची गाडी चालवतात. हॉस्पिटलांच्या चादरी, हिरवे गाऊन, टॉवेल, धुतलेलं पोचवायचं आणि मळलेलं घेऊन यायचं. म्हणजे आम्हा दोघांच्या जिवावर कितीतरी डॉक्टर ऑपरेशनं करतात, आणि त्यांतल्या एकालाही आमचं तोंड माहीत नाही. तक्रार नाही माझी. बरं, थोडी आहे.

ह्यांनी कॉलेजांची परीक्षा मागच्या दाराने केली. "तिथली सामानाची लिफ्ट सहा महिने बंद आहे. ज्यांना एक लिफ्ट दुरुस्त करता येत नाही ते पोरीला काय शिकवणार?" झालं, ते कॉलेज बाद. दुसऱ्या एका ठिकाणी वॉर्डातली माणसं ह्यांना बघून दार धरतात, तर ते कॉलेज एकदम चांगलं. खारू कपाळाला हात लावायची, पण वहीत लिहून घ्यायची.

फॉर्ममध्ये सहा नावं भरायची होती, आवडीच्या क्रमाने. वरून सुरुवात करायची, ज्या पहिल्या कॉलेजात बसशील ते तुझं, खालची सगळी आपोआप रद्द. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की हिच्या मार्कांना दोन ठिकाणी नक्की घेतील, प्रश्न फक्त वर कुठलं टाकते एवढाच आहे. त्यातलं एक कॉलेज आमच्याच हॉस्पिटलचं, घरापासून बसने वीस मिनिटं. दुसरं सहा तास लांब.

मला काय हवं होतं ते सांगायला नको. मी तिला दहा वेळा म्हटलं, "तुझं तू ठरव, बाई." पण दूध नासेल अशा चेहऱ्याने म्हटलं. ती माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "मी गाडी चालवतो, रस्ता ती सांगेल." असा राग यायचा!

फॉर्मची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. बुधवारी हे तिला लायब्ररीतून गाडीत घेऊन आले. ती आत आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, ठरलं माझं. बाबांना सांगितलंय, त्यांनी लिहून घेतलंय. उद्या माझं प्रॅक्टिकल आहे, फॉर्म तू भर. मला आता त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

पहिलं कुठलं टाकलंस, हे अगदी जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. घाबरले, दुसरं काय!

गुरुवारी पावणेतीनला घरी आले. फ्रीजवर चुंबकाखाली ह्यांच्या हस्ताक्षरातली यादी होती. गरम पाण्याच्या टबात पाय सोडून मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि कागद डोळ्यांसमोर धरला. सगळ्यात वर आमचं कॉलेज. माझ्या हॉस्पिटलचं. सगळ्यात खाली, अगदी तळाला, ते सहा तासांवालं.

माझा जीव भांड्यात पडला. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. टबातलं पाणी फरशीवर सांडलं तरी मला पर्वा नव्हती. पोरगी इथेच राहणार! पांढरा कोट घालून कॉरिडॉरमधून जाईल, जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये दहा मिनिटं भेटेल. एखाद दिवशी खाली तळघरात येईल आणि मी सगळ्यांना सांगेन, ही आमची.

मग नावं भरली. आमच्या खात्याची एक शिस्त आहे. यादीत जसं लिहिलंय तसं ट्रेमध्ये लावायचं, वरून खाली, दोनदा मोजून. वर हे का आणि खाली ते का, ह्यात आपण डोकं चालवायचं नाही. एकोणीस वर्षं मी असंच करत आले आहे आणि आजवर एक कात्री कमी पडलेली नाही. सहा नावं भरली, दोनदा मोजली, फॉर्म पाठवला. पाचपर्यंत बदल करता येईल, असं स्क्रीनवर आलं. कशाला बदल?

चार वाजता खारू आली.

"फॉर्म भरला गं," मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

"हो. मेसेज आला मला."

"मग?"

"मग काय. बरं झालं." ती चपला काढत होती. एरवी ह्या मुलीची एक चप्पल दारात असते आणि दुसरी सोफ्याखाली. आज तिने दोन्ही जोडून भिंतीला लावल्या. "थोडं पडते, आई. डोकं दुखतंय."

"प्रॅक्टिकल कसं गेलं?"

"बरं."

प्रॅक्टिकलमुळे दमली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सहा बटाटे घेतले, माणशी दोन, आणि सोलायला बसले. सालांखाली घ्यायला कागद हवा होता. टेबलावर ती यादी पडली होती, काम झालं होतं तिचं. मी ती पालथी करून पसरली.

मागच्या बाजूला ह्यांची गाडीची यादी होती, मंगळवारची. कुठल्या हॉस्पिटलला किती गठ्ठे. सगळ्यात वर नदीपलीकडचं हॉस्पिटल होतं, जिथे हे दुपारी एकला सगळ्यात शेवटी पोचतात. आणि सगळ्यात खाली, तळाला, आमचं हॉस्पिटल. जिथे हे सकाळी साडेसहाला, सगळ्यांच्या आधी येतात. मला कसं माहीत? रोज साडेसहाला मागच्या दाराशी दोनदा हॉर्न वाजतो, म्हणून.

हे यादी तळापासून वर लिहितात. जे शेवटी उतरवायचं ते गाडीत आधी चढतं, अगदी आत. जे पहिल्यांदा उतरवायचं ते शेवटी, दाराशी. गाडी भरताना यादी वरून वाचायची, म्हणून पहिला थांबा कागदाच्या तळाला आणि मग एकेक ओळ वर. पंचवीस वर्षांची सवय. खारूने गाडीत पहिलं नाव सांगितलं असणार, आणि ह्यांनी ते नेहमीसारखं तळाला लिहिलं असणार. आमचं कॉलेज, नक्की मिळणारं म्हणून, तिने शेवटी सांगितलं आणि ते वर गेलं.

घड्याळात चार वीस झाले होते.

आता खरं सांगते. मी लगेच उठले नाही. मी बटाटा सोलत राहिले. चूक माझी नव्हती. कागदावर जे होतं ते मी भरलं होतं, कुणीही भरलं असतं. चाळीस मिनिटं गप्प बसायचं, की झालं. ह्यांच्या लक्षात येणार नाही, पोरगी म्हणालीच आहे की बरं झालं. आणि कॉलेज काय वाईट आहे? चांगलं आहे. माणसं जीव टाकतात तिथे जायला.

दोन बटाटे झाले. पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना. बावीस वर्षं ह्या माणसाबरोबर संसार करतेय मी. ह्यांच्या गाडीच्या याद्या फ्रीजवर, खिशात, धुवायच्या कपड्यांत, सगळीकडे बघितल्यात. दुपारी तो कागद हातात घेतला तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं? की मला जे हवं होतं ते वर दिसलं म्हणून मी पुढे बघितलंच नाही? स्वतःचा असा संताप आला की चाकू सिंकमध्ये आपटला.

खारू भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती. फोन हातात होता आणि त्यावर तोच मेसेज उघडा होता, सहा नावांचा.

"तू पहिलं कुठलं सांगितलं होतंस बाबांना?" मी दारातूनच विचारलं.

ती वळली नाही. "आता काय त्याचं?"

"खारू, विचारतेय मी."

"लांबचं."

"मग मेसेज बघितल्यावर फोन नाही करायचा? तोंड शिवलं होतं का तुझं?"

ती उठून बसली. डोळे सुजले होते. "मला वाटलं, तू मुद्दाम बदललंस."

मी दारातून आत आले.

"मला वाटलं, आईला एवढं हवं असेल तर असू दे," ती म्हणाली. "मी बसमध्ये ठरवलं, काही बोलायचं नाही. तुझे पाय बघ किती सुजतात. रोज घरी येऊन कोणाला सांगशील सगळं? बाबांना? ते ऐकता ऐकता झोपतात."

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं, आणि पलंगावर बसले. "बाबांनी तळापासून लिहिलंय, गाडीच्या यादीसारखं. पण मी विचारलंही नाही. वर आमचं कॉलेज बघितलं आणि खूष झाले. एवढी खूष झाले, काय सांगू तुला."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, जे तिने दोन वर्षांत केलं नव्हतं.

"काय आहे गं त्या लांबच्या कॉलेजात एवढं?" मी विचारलं. पाच महिन्यांत हे मी पहिल्यांदा सरळ विचारत होते.

"तिथे पहिला महिना पुस्तक उघडत नाहीत. सगळ्या मुलांना वॉर्डात चादरी बदलायला लावतात. मळके गठ्ठे खाली न्यायचे, मग तळघरात औजारं धुवायची, मोजायची. शाळेतून बघायला गेलो होतो तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या, हे ज्याला कमीपणाचं वाटतं त्याने इथे येऊ नये." ती नाक पुसत म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं करता ते आधी, डॉक्टर नंतर. असं दुसरीकडे कुठेच नाही, आई. मी सगळी माहितीपत्रकं वाचलीत."

मी एकदम ओरडले. "चादरी बदलायला सहा तास लांब कशाला जायला हवं? घरी नाहीत का चादरी? एकदा तरी बदललीस का?"

"नाही," ती म्हणाली.

"चल, ऊठ. पंधरा मिनिटं राहिलीत."

कॉम्प्युटर नेमका तेव्हाच रडतखडत चालला. मी नावं पुन्हा भरली, ह्या वेळी तळापासून वर. दोनदा मोजली. खारू माझ्या मागे उभी राहून बघत होती. शेवटचं बटण आलं तेव्हा माझा हात माउसवरून उचलला गेला.

"तू दाब," मी म्हटलं. "माझ्याच्याने होणार नाही."

तिने दाबलं. चार त्रेपन्न झाले होते. दोन मिनिटांनी तिच्या फोनवर मेसेज आला आणि तिने तो मला वाचून दाखवला, सगळी सहा नावं, वरून खाली.

सव्वापाचला हे आले. "झाला का फॉर्म?"

"झाला. दोनदा झाला," मी म्हटलं. "तुमची यादी मी उलटी वाचली."

हे म्हणाले, "अगं, पण तुला माहितीये की मी कसा लिहितो."

"हो," मी म्हटलं. "माहितीये."

ह्यांनी खारूच्या चपलांशेजारी आपले बूट काढले आणि चहा टाकायला गेले, जो हे एरवी कधी टाकत नाहीत. मी उरलेले बटाटे सोलायला घेतले. सहा बटाटे, माणशी दोन. पुढच्या वर्षी ह्या वेळी चार पुरतील, हे मनात आलं आणि मला रडू फुटलं. मी चाकू खाली ठेवला नाही, रडता रडता सहाही सोलून संपवले, आणि मग सवयीने पुन्हा एकदा मोजले.