मागच्या खोलीतलं टेबल

लीला सराफला त्या ऑफिसात कधी कोणी वावगा शब्द बोललं नव्हतं. उलट सगळे तिला जपायचे, आणि त्या जपण्याचाच तिला आता वीट आला होता.

ऑफिस 'पेम्बर्टन अँड दलाल' या सॉलिसिटर कंपनीचं. मुख्य कचेरी लंडनला, दुसरी मुंबईला, आणि बुऱ्हाणपूरच्या कापसाच्या गाठी विलायतेला जायच्या त्या काळापासून एक शाखा इथं, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. आता इंग्रज गेले, संस्थानं विलीन झाली, नागपूरची राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला गेलं. नव्या मध्य प्रदेशाला अजून वर्षही झालं नव्हतं. कापसाचं काम आटलं तसे शाखेचे मुख्य वकील गजाननराव मिळेल ती केस घेऊ लागले. एवढं सगळं इकडचं तिकडे झालं, पण लीलाचं टेबल काही मागच्या खोलीतून हललं नाही.

त्या खोलीत पाण्याचे माठ होते, जुन्या फायलींची गाठोडी होती आणि शिपायाची सायकल होती. "पुढं कसे कसे लोक येतात, लीलाबाई. इथं तुम्हाला निवांतपणा," असं गजाननरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निवांतपणा कसला! जो तो पाणी प्यायला यायचा आणि गडू तोंडाला लावता लावता विचारायचा, "काय लीलाबाई, सगळं ठीक ना?" नाही म्हटलं असतं तर बिचाऱ्याला ठसकाच लागला असता.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला, तेव्हा वडिलांनी, शाळामास्तर असूनही चारचौघांचं न ऐकता, तिला नागपूरला वकिलीला घातलं. सनद मिळाली त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी काळा कोट शिवून घेतला. तो कोट मागच्या खोलीतल्या खुंटीला लटकून होता. कज्जे लीला तयार करायची आणि कोर्टात उभा राहायचा सुरेश. तो तिच्या मागून नोकरीला लागलेला, गोरागोमटा, तोंडाचा गोड. एकदा त्याच्या कोटाचं बटण तुटलं, तर धावत आला. "ताई, जरा बघा ना, पुकारा होऊन राहिला आहे." तिनं लावून दिलं. तो तिनंच लिहिलेले मुद्दे घेऊन पळाला आणि ती हातातल्या सुईकडे बघत बसली. सुरेशपेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त आला.

मग रंभाबाई आली. तुकईथड गावची, लीलासारखीच विधवा, उन्हानं रापलेली. नवऱ्यामागं केळीचं वावर तीच कसत होती. घड उतरायला आले तेव्हा दीर चुडामण कोर्टात गेला. विधवेला पोटापुरतं खायचा हक्क, माल विकायचा नाही, तिला मनाई करा, असं त्याचं म्हणणं. केळी काही कोर्टाची वाट बघत नाहीत. मनाई मिळाली असती तर वर्षाची मेहनत झाडावरच पिकून सडली असती.

लीलानं रंभाबाईला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. वकीलपत्रावर सुरेशच्या खाली, मदतीला म्हणून, तिचंही नाव होतं. रंभाबाईनं अंगठा उठवला आणि म्हणाली, "बाई, पन उभी तूच राहशीन ना? त्या पोऱ्याले माह्यं वावर कोन्या अंगाले हाय ते बी मालूम नाही."

"राहीन," लीला म्हणाली. शब्द तर देऊन बसली.

तारीख पडली शुक्रवारची, आणि त्याच शुक्रवारी लंडनहून धाकटे पेम्बर्टन साहेब शाखा बघायला येणार असं कळलं. ऑफिसात लगीनघाई उडाली. झेंडूच्या माळा, फोटोग्राफर, पेढे. साहेबाला ओवाळायचं कोणी, असा प्रश्न निघाला, तेव्हा सुरेश भाबडेपणानं म्हणाला, "आपल्या ऑफिसात बाई आहेच की!" आणि मग त्याचं त्यालाच आठवलं. पुढच्या खोलीत एकदम सगळे गप्प झाले. मागच्या खोलीत ते गप्प होणं लीलाला स्पष्ट ऐकू आलं.

थोड्या वेळानं गजाननराव आत आले. आधी पाणी प्यायले.

"लीलाबाई, गैरसमज नको. ओवाळायला आमच्या घरून येणार आहेत. तर तेवढा वेळ तुम्ही इथंच बसा. साहेबांचं पाऊल एकदा आत पडलं की मी बोलावतोच. फोटोला तर तुम्ही पाहिजेच! आपल्या ब्रँचला लेडी वकील आहे, हे लंडनला दाखवायचं आहे त्यांना."

"शुक्रवारी रंभाबाईची तारीख आहे," लीला म्हणाली. "मी उभी राहते."

"सुरेश आहे ना."

"फाईल मी केली आहे."

"म्हणून तर तो बिनघोर बोलेल!" गजाननराव मनापासून हसले. त्यांना वाटलं, आपण तिचं कौतुक केलं.

लीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओवाळायला बाई हवी तेव्हा ती विधवा, कोर्टात वकील हवा तेव्हा ती बाई, आणि फोटोला माणूस हवं तेव्हा मात्र ती वकील! हे तिनं तोंडानं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

गजाननराव चौघडिया बघितल्याशिवाय चप्पलसुद्धा घालत नसत. शुक्रवारी सकाळी साडेदहापासून बारापर्यंत काळ, म्हणजे अशुभ वेळ, बारानंतर शुभ. गाडी दहाची, ती नेहमीसारखी दोन तास उशिरा येणार, साहेब शुभात उंबरा ओलांडणार, असा त्यांनी हिशेब मांडला होता. बुऱ्हाणपुरात राहून गाडीवर असा विश्वास टाकणं चूक नव्हतं. पण मेली गाडी नेमकी त्या दिवशी वेळेवर आली.

साहेबाचा टांगा दारात आणि माथ्यावर काळ! गजाननरावांना घाम फुटला. "सुरेश, साहेबांना राजघाट दाखवून आण. तापी दाखव. बारापर्यंत आणू नकोस." सुरेश म्हणाला, "सर, कोर्ट?" तर म्हणे, "आपली केस दुपारनंतरच निघते, जा तू." भर उन्हाळ्यात साहेब घाटावर तापून निघाला. इकडे शारदाबाई, गजाननरावांची बायको, पैठणी नेसून तबक घेऊन बसल्या. आणि लीला मागच्या खोलीत, दार लोटून.

अकरा वाजून गेले असतील. मागचं दार कोणीतरी धडाधडा वाजवलं. लीलानं उघडलं तर रंभाबाई, घामाघूम.

"बाई, आपल्या आधीचे समदे तारखा घेऊन उठले. आता आपलाच पुकारा होते! पुढून येत होती, तर तो शिपाई म्हने आज पुढून येऊ नको, मांगून जाय. माह्यं काय सुतक हाय का वं?"

लीलानं तिच्याकडे पाहिलं. रंभाबाईचं कपाळ उघडं होतं, तिचंही उघडं होतं. शिपायाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. सगळं ऑफिसच त्याला शिकवत होतं. लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं. तिनं खुंटीवरचा कोट ओढला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. फाईल काखेत मारली आणि दोघी गल्लीतून पळतच निघाल्या.

"प्रतिवादीतर्फे कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी," लीला म्हणाली. आवाज चिरकला. मागं कोणीतरी खुसखुसलं. चुडामण आपल्या वकिलाकडे वळून हसला आणि त्या हसण्यानं तिचा आवाज जागेवर आला.

चुडामणचा वकील विधवेच्या मर्यादांवर बराच वेळ बोलला. जुने दाखले दिले, शास्त्र काढलं. लीलानं त्याला पुरतं बोलू दिलं.

"हे सगळं गेल्या वर्षापर्यंत खरं होतं," ती उठून म्हणाली. "आता नवा कायदा आहे. विधवेच्या हक्काची जमीन तिच्या ताब्यात असेल तर ती पूर्ण मालक. पोटापुरती नाही, मालक. नांगरणी तिची, पाणी तिचं, रोपं तिची. दीर वावरात आला तो घड मोजायला. मनाई कोणाला करायची, हुजूर, राबणाऱ्या बाईला?"

तिला वाटलं होतं त्याहून जरा मोठ्यानंच ती बोलली. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, आणखी दोन प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली. मनाईचा अर्ज फेटाळला गेला. रंभाबाईला काही वेळ कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "मंग उद्या घड उतरवू?"

"उद्याच."

ऑफिसाच्या गल्लीत दोघी आल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. दारात शारदाबाई साहेबाला ओवाळत होत्या. लालबुंद झालेला साहेब कपाळावर कुंकू लावून घेऊन आत गेला, खुर्चीवर बसला. गजाननरावांची नजर पायरीशी आलेल्या लीलाकडे गेली. ते लगबगीनं बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही बाहेर कशा? निरांजन अजून तेवते आहे. मागनं या ना, पाचच मिनिटं."

"रंभाबाईची केस झाली," लीला म्हणाली. "मनाई मिळाली नाही चुडामणला."

गजाननरावांचं तोंड उजळलं. "वा! शुभ चौघडिया लागला म्हणतात तो असा! साहेबांना सांगतो, आमच्या सुरेशनं..."

"सुरेश राजघाटावर होता. आणि मी उभी राहिले ते तुमच्या काळ चौघडियात."

ती पायरी चढली. रंभाबाई तिच्या मागं. शारदाबाई तबक घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लीलाच्या अंगावरच्या कोटाकडे, आणि बाजूला होऊन वाट दिली.

आत साहेबाचं भाषण सुरू झालं. गजाननराव घाम पुसत एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. "साहेब म्हणतात, काळ बदलला आहे. साहेब म्हणतात, लंडनच्या ऑफिसात आता स्त्रियांनाही मान आहे. आपल्या या कंपनीत प्रत्येकाला..."

तेवढ्यात मागच्या खोलीतून फरशीवर काहीतरी घासल्याचा कर्कश आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. लीला टेबल ओढत होती. ते दारात अडकलं तेव्हा कोणी उठलं नाही. सुरेश अर्धा उठला आणि गजाननरावांकडे बघून पुन्हा बसला. मग रंभाबाईनं पदर खोचला, दुसरी बाजू उचलली आणि झेंडूच्या माळांखालून त्या दोघींनी टेबल थेट पुढच्या खोलीच्या मधोमध आणून ठेवलं. फोटोग्राफरला आपला कॅमेरा उचलून मागं व्हावं लागलं.

"हां, काय म्हणत होते साहेब?" लीलानं विचारलं.

गजाननरावांनी टेबलाकडे पाहिलं. "प्रत्येकाला... जागा आहे, म्हणतात."

"मग त्यांना सांगा, जागा आहे तर जरा सरका. माझी खुर्ची यायची आहे."

गजाननरावांनी भाषांतर केलं नाही. तेव्हा तिनं ते स्वतःच इंग्रजीत सांगितलं, आणि साहेबानं मुकाट्यानं उठून आपली खुर्ची बाजूला घेतली.