पेजेचं पथ्य

घरात कुणी आजारी पडलं की आपल्याकडे औषधाआधी पथ्य सुरू होतं. काय खायचं नाही हे सांगायला सारी आळी धावून येते. काय खायचं, हे कुणी विचारत नाही. पनवेलच्या खाडीकाठी काशिराम कोळ्याच्या घरी तेच झालं.

त्याची बायको भामा बाजारात मासळी विकायची. मधुमेह जुना. पाय इतके बधिर झालेले की चपलेतला खिळा टाचेत रुतला तरी तिला कळलं नाही. जखम चिघळल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ड्रेसिंग सांगितलं आणि निघताना म्हणाले, "पथ्य सांभाळा हं!"

त्यांच्या मनात होती साखर, मिठाई, सरबतं. पण काशिरामच्या घरात जखमेचं पथ्य म्हणजे मासळी बंद, अंडं बंद, डाळ बंद. या जिनसांनी जखमेत पू धरतो, असं त्याच्या आईनं सांगून ठेवलेलं. त्यानं डॉक्टरांचा शब्द शिरसावंद्य मानला आणि अर्थ आईचा लावला.

तो स्वतः तिला पेज करून घालू लागला. तांदूळ, पाणी, मीठ, बास.

"अवो, येक बोईट मासा तरी भाजून द्या. तोंडाला चव नाय," भामा काकुळतीला यायची.

"पाय बरा होवदे, मंग टोपलीभर खा. आता नाय म्हंजी नाय!"

बायकोवर जीव होता, म्हणून तर एवढा कडक झाला. त्यानं स्वतःही मासळी सोडली. जाळ्यात आलेलं सगळं परस्पर विकून यायचा. नवरा असावा तर असा, म्हणून शेजारणी त्याचे गोडवे गायच्या.

जखम मात्र भरेना. भामाचे दंड सुकले, पायावर सूज चढली, टाचेला वास येऊ लागला. आपलंच पथ्य कुठंतरी कमी पडतंय, असं काशिरामला वाटलं. त्यानं पेज आणखी पातळ केली.

शेवटी इस्पितळ गाठलं तेव्हा जखम हाडापर्यंत पोचली होती. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, असं सर्जननी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी आहारतज्ज्ञ समृद्धी खाटेपाशी आली.

"काकी घरी काय खायच्या?"

"पेज! दुसरं काय पन नाय. कडक पथ्य केलंय, मॅडम," काशिराम अभिमानानं म्हणाला.

समृद्धी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, "काका, तुमचं जाळं फाटलं तर सुतावाचून शिवाल का? जखमेत नवं मांस, नवी कातडी शरीरच तयार करतं. त्याला प्रथिनं लागतात. जंतूंशी लढायलाही लागतात. ती मासळीत, अंड्यात, डाळीत असतात. पेज म्हणजे निव्वळ तांदूळ, त्यानं उलट साखर वाढते."

"पन मासलीनं पू धरतं ना?"

"पू जंतूंमुळे होतो. मासळीनं नाही."

काशिरामनं भामाच्या टाचेकडे पाहिलं. "मंग पाय माज्यामुलं चाललाय?"

"एकट्या तुमच्यामुळे नाही. साखर होती, पायात रक्तही कमी पोचत होतं. पण भरून यायला जे बळ लागतं, ते त्यांना मिळालं नाही."

"मी आत्ता आनतो बोईट! पाय ऱ्हाईल ना?"

समृद्धीनं नकारार्थी मान हलवली. "या पायाला उशीर झाला, काका. पण ऑपरेशनची जखम भरायला प्रथिनं हवीतच. किती द्यायची ते किडनीचा रिपोर्ट बघून सांगते."

पाय गेला. काही दिवसांनी समृद्धीनं सांगितल्याप्रमाणे काशिराम डब्यात बोईटाचं कालवण घेऊन आला. काटे काढून त्यानं घास भामाच्या तोंडाशी नेला.

"पथ्य सुटलं काय वो?" तिनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवत घास भरवला. दोन घास खाऊन तिनं तोंड फिरवलं. "आता भूकच नाय," म्हणाली. काशिराम पुन्हा पुन्हा घास पुढे करत राहिला. ओठ मिटलेलेच.

वाचकहो, डॉक्टर 'पथ्य' म्हणाले की दारातूनच मागे फिरा आणि विचारा, काय टाळू आणि काय खाऊ घालू? माणसाला मायेनं उपाशी ठेवलं, तरी तो उपाशीच असतो! काशिरामला हे कळलं, पण भामाचा पाय गेल्यावर.