चुन्याचे पट्टे

झाडांना चुन्याचे पट्टे मारायला सुरुवात होऊन पाच दिवस झाले होते. मोजणीवाले दुपारी जेवायला तंबूकडे गेले की रूपलीबाई ते पुसायला जाई. तुंबडीत पाणी, हातात गवताचा चोथा. साल खरबरीत असली की चुना भेगांत बसे आणि पाण्यानं निघत नसे. मग ती त्यावर ओला चिखल थापी. तिच्या बोटांची कातडी फाटली होती.

आजही ती सारखी मागे वळून बघत होती. तिच्या सासऱ्याला एका सागासाठी जंगलखात्यानं पकडून नेलं होतं. तो परत आला, पण तेव्हापासून खाकी कपडा दिसला की घराच्या मागच्या बाजूनं रानात शिरायचा.

खूण केलेलं झाड कापतात, एवढं साऱ्या गावाला ठाऊक होतं. नर्मदेकाठच्या त्यांच्या घरांवर एकही पट्टा नव्हता, म्हणून तिथं कोणी घाबरलं नव्हतं. भीती होती ती मोहाच्या झाडांसाठी. मोह गेले तर उन्हाळ्यात खायचं काय? एक गोष्ट मात्र तिला समजत नव्हती. जंगलखात्याची माणसं सरळ सागच निवडत. यांनी पोकळ सालई, वाकडा पळस, काहीच सोडलं नव्हतं. आणि सगळे पट्टे डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवर होते.

"काय करी ऱ्हायनी बाई?"

तुंबडी हातातून सुटली. मागे सुकलाल उभा होता, मोजणीची साखळी ओढणारा, तापीकाठच्या प्रकाशा गावाकडचा. तिनं चोथा पाठीमागे लपवला.

"साहेबले सांगतो का तू?" तिनं विचारलं.

सुकलालनं चिखलानं माखलेला मोह पाहिला. "सांगाले काय? तुन्ही मेहनत फुकट शे. आकडा वहीमा जायेल शे." मग चिखलाखालच्या पट्ट्यावर बोट ठेवून, आवाज उतरवून तो म्हणाला, "हाई कापानी खूण नही. हाई पानीनी रेघ शे. धरण बांधतीन ना, तधळ अठेपावत पानी येई."

"आणि खाली?"

"खालनं समदं बुडी."

तिनं खाली पाहिलं. झाडांच्या फांद्यांतून तिच्या घराचं छप्पर दिसत होतं, तळहाताएवढं. दारात कोणीतरी शेळी बांधत होतं.

उतारावर जेवणानंतरची मोजणी सुरू झाली होती आणि तिचा नवरा फुलसिंग मोजणीच्या साहेबाची आकड्यांची पट्टी धरून उभा होता. दुर्बिणीसमोर आडवी येणारी झाडं गावचीच माणसं तोडत होती. रूपलीबाई धावतच गेली आणि आपल्या घरच्या भाषेत, एका दमात, सगळं सांगितलं.

"कोण म्हणतं?"

सुकलालचं नाव ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "मी म्हणते."

फुलसिंगनं पट्टी गवतावर ठेवली. एकेक करून कोयते थांबले. साहेबानं दुर्बिणीवरून मान वर काढली. तो ओरडला नाही, याचीच जास्त भीती वाटली. त्यानं वही उघडली, एकेकाचं नाव विचारून लिहिलं आणि धडगावला पोलिसांसाठी माणूस पाठवला. धडगाव एका दिवसाच्या वाटेवर. म्हणजे पोलिस परवा येणार.

"आता आमच्यावर नजर राहील," फुलसिंग पुटपुटला. "खालच्या गावांना तू सांग. नदीकाठानं जा. तिथंही हे लोक गावकऱ्यांच्याच हातात पट्टी देतील."

"मला भीती वाटते."

"मलाही."

ती निघाली. पाचोळा वाजला की झुडपात बसे. एकदा मोर निघाला, एकदा काहीच नाही. ऊन कलताना पहिलं घर आलं. अंगणात एक म्हातारी कोयत्यानं बांबू सोलत होती.

"कोणाची गं तू? वाघ लागलाय का मागे?"

रूपलीबाईला धाप लागली होती. "पाणी येणार. धरणाचं," एवढंच ती बोलू शकली. पाणी कुठवर येणार ते दाखवायला तिनं हात डोक्यावर उंच केला. तो पुरेना. टाचा उचलल्या, तरी पुरेना. शेवटी तिनं म्हातारीच्या खांद्याला धरून तिला डोंगराकडे वळवलं आणि बोट वर, आणखी वर नेलं.

म्हातारीनं कोयता खाली ठेवला.