बाळाने निवडलेलं नाव

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल तान्ह्या बाळांनी भरून गेला होता. जिन्यावर बाळं, खिडकीपाशी बाळं, चपलांच्या ढिगाशेजारी दुपट्यात गुंडाळलेली बाळं. आणि प्रत्येक बाळामागे आई, बाप, दोन्हीकडच्या आज्या आणि एखादी उगाच आलेली शेजारीण. निम्मी बाळं जीव तोडून रडत होती, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. सगळे माना उंचावून पुढे बसलेल्या नामबाबांकडे बघत होते. यांच्या हातात मूल स्वतःचं नाव स्वतःच निवडतं, असा त्यांचा लौकिक होता.

"नाव आपण ठेवत नाही, नाव येतं!" बाबा डोळे मिटून सांगत होते. "कंपनांवर बसून येतं! जीव जन्माआधीच आपलं नाव ठरवून बसलेला असतो. आपण अडाणी माणसं त्याला भलत्याच नावाने हाका मारतो आणि मग रडतो, की पोरगं ऐकत नाही!"

हॉल खळखळून हसला. कंपनं म्हणजे नेमकं काय, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. बाबांची अट एकच होती, मूल तीन महिन्यांच्या आतलं हवं. त्यानंतर म्हणे जीव दुनियेत रमतो आणि ओळख विसरतो.

शेवटच्या रांगेत बाई बसल्या होत्या. शाळेत शिकवत, म्हणून सगळ्यांच्याच बाई. शेजारी औषधांच्या दुकानात काम करणारा नवरा, पलीकडे सासूबाई, मांडीवर दीड महिन्याचा मुलगा. बाईंनी नाव कधीच ठरवलं होतं, आपल्या वडिलांचं. वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. बाईंना सातवा महिना असताना ते गेले. नाव जुन्या वळणाचं होतं, आता कोणी ठेवत नाही असं. ते घेऊन हाक मारली तर ओ देणारं घरात कोणी उरलं नव्हतं, आणि बाईंना ती ओ पुन्हा ऐकायची होती.

सासूबाईंना मात्र दुसरं नाव सुचलं होतं. "आपोआप सुचलं गं, माझा काही आग्रह नाही," असं त्या दिवसातून तीनदा सांगत. ते नाव इथे लिहीत नाही, नाहीतर वाचणाऱ्यांच्या घरोघरी पोरं दचकून मागे बघतील. संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेतल्या देखण्या डॉक्टरचं ते नाव. सुचलं सगळ्यांना आपोआपच, वरच्या मजल्यावर, समोरच्या घरात, दुधवाल्याच्या सुनेला. बाईंना यात नवल नव्हतं. त्यांच्या वर्गात आधीच्या एका मालिकेच्या नायकाच्या नावाची चार पोरं होती. एकाला फळ्यापाशी बोलावलं की चौघं उठायचे, आणि चौघांच्याही आया सांगायच्या, "आम्हाला जरा वेगळं नाव हवं होतं."

यांची पाळी आली. बाबांनी बाळाचं डोकं डाव्या तळव्यावर घेतलं आणि दुपटं गालावर ओढलं.

"नावं सांगा."

बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं.

"कोणाचं हे?"

"माझ्या वडिलांचं. ते आता नाहीत."

मग सासूबाईंनी त्यांचं सांगितलं. बाबांनी तिघांकडे क्षणभर पाहिलं. नवरा आपल्या आईच्या तोंडाकडे बघत होता. एवढं बाबांना पुरलं.

वडिलांचं नाव त्यांनी बाळाच्या कानात घेतलं. बाळ ढिम्म. दुसरं घेतलं, आणि बाळाने मान वळवून तोंड उघडलं.

"स्वीकारलं!" बाबा गरजले. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग बाबा बाईंकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव याला पेलायचं नाही, मुली. हट्ट केलास तर याच्या जिवावर बेतेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खिडकीपाशी बाळाला घेऊन बसल्या होत्या. दुपटं सारखं करताना त्यांचं बोट बाळाच्या गालाला लागलं. बाळाने मान वळवली, तोंड उघडलं. बाईंनी दुसऱ्या गालाला बोट लावलं. बाळ तिकडे वळलं.

"अहो!" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "इकडे या जरा. बाळा, तुझं नाव इस्त्री ठेवू का?" आणि गालाला बोट. बाळाने इस्त्री स्वीकारली. मग पायपुसणं स्वीकारलं, कुलूप स्वीकारलं.

नवरा पोट धरून हसला आणि मग दुपट्याकडे बघायला लागला. "म्हणजे दुपट्याखाली बाबांचा अंगठा..."

"दुसरं काय!"

त्याच सकाळी बाळाची लस होती. टोचून झाल्यावर बाईंनी डॉक्टरांना गालाचं विचारलं. ते म्हणाले, "सगळीच तान्ही असं करतात. दूध शोधायची जन्मजात सोय आहे ती. गालाला काही लागलं की तोंड तिकडे. तीन-चार महिन्यांत आपोआप जाते. आणि हो, टोचल्यामुळे ताप येईल. दिवसभरात उतरेल, घाबरू नका."

तीन महिन्यांच्या अटीचं गूढ तिथल्या तिथे उकललं. बाई तडक हॉलमध्ये गेल्या, नवऱ्याला आणि "नको गं, नको गं" करणाऱ्या सासूबाईंना मागे घेऊन. गर्दीतून वाट काढून पुढे उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी बघा!" गालाला बोट लावत त्यांनी बाळाला पायपुसणं हे नाव देऊ केलं. बाळाने तोंड उघडलं. "आता तुमच्या तुमच्या बाळाच्या गालाला बोट लावा. कुठलंही नाव घ्या. नाव नाही घेतलं तरी चालेल!"

दोघी-तिघींनी लावूनही पाहिलं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंना वाटलं, झालं, फुटलं बिंग.

बाबा जागचे हलले नाहीत. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. दयेने मान हलवून ते म्हणाले, "ठेव ना मुली, तुला हवं ते नाव ठेव. मी कोण अडवणारा? फक्त उद्या या लेकराला काही झालं, तर माझ्या पायाशी येऊ नकोस."

हसू विरलं. गालाला लावलेली बोटं मागे गेली. एका आईने आपलं मूल बाईंपासून दूर, दुसऱ्या खांद्यावर घेतलं. गालावरचा अंगठा बाईंना दाखवता आला होता. या वाक्याला काय दाखवणार? बाई बोलत राहिल्या, पण ऐकणारं कोणी नव्हतं. सासूबाई रडत होत्या आणि नवऱ्याने बाईंचा दंड धरला होता.

संध्याकाळी बाळाचं अंग तापलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

"टोचल्याचा ताप आहे, आई. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"सांगितलं असेल."

बाईंना सगळं ठाऊक होतं. तरी तापलेल्या कपाळावर हात ठेवला की डॉक्टरांचे शब्द टिकत नव्हते. नवरा तर दिवसभर तापाची औषधं विकणारा माणूस. तोही म्हणाला, "आपण कशाला विषाची परीक्षा घ्यायची? नावच तर आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, डॉक्टर म्हणाले होते तसाच. पण सासूबाईंनी सकाळी बाळाच्या कानात ते मालिकेतलं नाव घेतलं होतं. त्यामुळे श्रेय कोणाला गेलं, ते सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात बाई जन्मनोंदणीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. आतल्या माणसाने विचारलं, "मुलाचं नाव?"

वडिलांचं नाव अगदी ओठांवर आलं. कडेवर बाळ शिंकलं. साधी शिंक, पण बाईंनी बाळाला घट्ट धरलं, आणि तोंडातून मालिकेतलंच नाव बाहेर पडलं. वडिलांची ओ कायमची गेली, हे त्यांना तिथेच कळलं.

"छान नाव आहे," रांगेतली मागची तरुणी म्हणाली. तिला दिवस गेले होते. "हल्ली सगळीकडे हेच ऐकू येतं. तुम्हीही बाळाला त्या बाबांकडे नेलं होतं का? बाळ झालं की आम्हालाही नेणार आहेत सासूबाई."

बाईंनी तिला बाजूला घेतलं. दुपटं, अंगठा, गाल, दुधाचा शोध, तीन महिने, टोचल्याचा ताप, सगळं फोड करून सांगितलं. तिच्यासमोर बाळाला इस्त्री हे नावही देऊन दाखवलं. ती आधी हसली, मग विचारात पडली.

"मग ताई, तुम्ही तेच नाव का ठेवलंत?"

बाईंचे डोळे भरून आले. कारण सांगायला लाज वाटत होती, पण खोटं बोलायचं नव्हतं.

"भ्याले मी," त्या म्हणाल्या. "नावाने ताप येत नाही आणि नावाने जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी भ्याले. बाबांची खरी युक्ती अंगठ्यात नव्हती, या भीतीत होती. तुम्हाला ती आता आधीच कळली आहे. बाळाला ताप आला तर डॉक्टरांना विचारा. आणि नाव तुमचं तुम्ही ठेवा."