भागूबाई सुरुंगवाली

आमच्या टेबलावर एकच कायदा आहे आणि तो मी केलाय. जग मास्तरचं, पात्र खेळणाऱ्याचं. कागद, पेन्सिली, फासे आणि भरपूर बडबड, एवढंच या खेळाचं सामान. एक जण मास्तर होऊन जग रचतो. राजे, डाकू, पाऊसपाणी सगळं त्याच्या हातात. बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन शिरतात. तो माणूस कोण, कसा, काय बोलणार, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यात कुणी लुडबुड केली की माझं डोकं फिरतं. तू खेळायला बसतेस की खटला चालवायला, असं माझा नवरा श्रीरंग विचारत असतो.

त्या रविवारी दुपारी गारखेड्याला आमच्या फ्लॅटवर नवा डाव मांडला होता. मास्तर होता ऋतुराज. घर करमाडला, नोकरी शेंद्र्याच्या कारखान्यात. सोबत त्याची होणारी बायको सोनिया, ती वाळूजला एका कंपनीत डिझाइनमध्ये. लग्न महिन्यावर आलं होतं, त्यामुळे तिला चिडवण्यातच आमचा अर्धा वेळ गेला. श्रीरंगनं नेहमीप्रमाणे पळपुटा पुजारी केला. मी केली घाटातली वाटाडी. मग सोनियाची पाळी आली.

"माझी भागूबाई. विहिरीत सुरुंग लावते. डाव्या हाताची दोन बोटं उडालीत. शिव्या लई देते, पण पाणी कुठं लागंल ते बरोबर सांगते."

मी तिला टाळीच दिली. इतकी जिवंत बाई आमच्या टेबलावर आजवर आली नव्हती.

"सुरुंग नाय जमायचा," ऋतुराज म्हणाला. "माझ्या राज्यात बारूदच नाय."

हे त्याच्या हक्कातलं होतं. सोनियानंही कुरकूर न करता सुरुंग खोडला आणि पहार लिहिली.

"आणि बोटं असू दे की सगळी. बाई जरा बरी दिसली पाहिजे."

"ए मास्तर," मी म्हणाले, "बोटं तिची आहेत. तू तुझे डोंगर सांभाळ."

"उमाताई, ऐका तर. ती राजवाड्यात सून म्हणून येणारे. पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच बेतलीय मी."

"तिचं लग्न झालंय असं मी कुठं म्हटलं?" सोनियाला अजून हसू येत होतं.

"झालंय. सरदाराशी. आणि भागूबाई नाय म्हणायचं तिला. अन्विता."

आता माझा पारा चढला. मास्तरनं नाव बदलायचं नसतं, लग्न तर खेळणाऱ्याला विचारल्याशिवाय लावायचंच नसतं, असं मी टेबलावर बोट आपटून सांगितलं. श्रीरंग चहा ठेवायला उठत होता, तो तमाशा बघायला परत बसला.

"त्या राज्याचा रिवाजच आहे, ताई. सून आली की नाव नवं." ऋतुराज सोनियाकडं बघून लाडात म्हणाला, "तेवढीच तुलाबी सवय व्हईल."

"कसली सवय?"

"अन्विता म्हटल्यावर ओ द्यायची. आईनं नाव काढलंय. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तेच लिहायचंय मला. सरप्राइज ठेवणार होतो, पण आता निघालंच तोंडातून."

इतका वेळ मी कागदावरच्या बाईसाठी भांडत होते आणि हा समोर बसलेल्या बाईचं नाव खोडून मोकळा झाला होता. तेही इतक्या प्रेमानं, की त्याला शिवी तरी कशी घालावी!

सोनियाच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, आवरायचं विसरल्यासारखं. "मला विचारलं नाय तू."

"अगं, विचारायचं काय त्यात? सगळीकडं करतात. आधार कार्डावर, कंपनीत सोनियाच राहा. घरात फक्त अन्विता."

श्रीरंगला वाटलं, आपण मोठे, आपण सांभाळून घ्यावं. "एवढं काय मनावर घेतेस? उमाचंही आमच्याकडे बदललंच की. काही बिघडलं का तिचं?"

सोनिया त्याच्याकडं वळली. "दादा, आधी काय नाव होतं त्यांचं?"

"आधी..." त्यानं माझ्याकडं पाहिलं. माहेरी मला सगळे मनू म्हणतात, तेवढं त्याला आठवलं असणार. "मनू. म्हणजे मनीषा."

माझा राग एरवी नाकावर असतो. त्या क्षणी तो कुठं गेला कोण जाणे. याच्या ताटाशी ताट लावून मी इतकी वर्षं जेवले, याच्या आईच्या दुखण्यात रात्री जागवल्या, आणि मी घरी आले ती कोण म्हणून आले, हेच याला ठाऊक नव्हतं.

"मनस्विनी," मी म्हणाले.

"हां, तेच. जवळपास तर होतो," श्रीरंग हसला.

सोनियानं आपला कागद ऋतुराजपुढं सरकवला. "घे. बोटं तू जोडलीस, लग्न तू लावलंस, नाव तुझ्या आईनं ठेवलं. आता ही बाई तूच खेळ. मी नाय येत."

"बरं बाबा, राहू दे भागूबाई! एवढ्यासाठी गेम सोडून निघालीस व्हय?"

"गेमचं नाय म्हणत मी, ऋतुराज. लग्नाचं म्हणतेय."

तो माझ्याकडं वळला. "ताई, तुम्ही तरी समजवा तिला."

मी स्कूटीची किल्ली उचलली, तिला घरी सोडायला. श्रीरंग मागून काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही. दार ओढून घेत होते, तोवर सोनिया जिन्याच्या वळणावर पोहोचली होती. तिथून तिनं हाक मारली, "चला ना, मनस्विनीताई."

ही कुणाला बोलावतेय, म्हणून मी मागं वळून पाहिलं.