नजरेचे चाक

कार्तिकातली सकाळ. गोंदियाकडच्या त्या तळ्यावर ऊन उतरले होते. कोवळे, कनकवर्णी, पण पाण्याला टेकताच डोळ्यांत घुसणारे. कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या पिवळ्या, कडेचे गवत दवाने जड, आणि पलीकडे, विरत्या धुक्याच्या पडद्याआड, सारसांची जोडी. धूम्रवर्ण देह, रक्तवर्ण मस्तके. त्यांच्या पायांशी यंदाचे पिल्लू चरत होते.

बांधावर हेमलताबाई बसल्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान दौलतराव. बाईंच्या मांडीवर कॅमेरा होता, मुठीत मावेल एवढा. त्याला डोळा लावायची खिडकी मुळात नव्हतीच. मागच्या पडद्यावर पाहायचे, आणि उन्हात तो पडदा म्हणजे नुसती पांढरी पाटी. म्हणून लेकीने वरून बसवायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर पाठवला होता. तो माथ्यावरच्या खाचेत सरकवायचा, चष्मा काढून गळ्यातल्या दोरीवर सोडायचा, आणि त्या इवल्या काळ्या कोनाड्याला डोळा लावायचा. मग बाहेरचा लखलखाट मिटे, आणि आत एक छोटे, उजळ, आपल्यापुरते जग उघडे. बाईंना त्याचे वेड लागले होते.

डोळा म्हणजे एकच, उजवा. डावा परवाच्या पावसाळ्यात गेला. एका सकाळी धूसर झाला आणि पुन्हा निवळलाच नाही. उजव्यात असे काही वाटले तर त्याच दिवशी या, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हापासून बाई उठल्या उठल्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचत. तिथी वाचता आली की चहा ठेवत. आजही वाचली होती, आजही चहा ठेवला होता.

आणि आता त्यांनी डोळा लावला, तर जग नव्हते.

पिवळे विरघळलेले, निळे विरघळलेले. सारसांच्या जागी पाण्यात सांडलेल्या कुंकवासारखे दोन ओले डाग, आणि पिल्लू तर कुठेच नाही. बाईंनी पापणी मिटली, उघडली. काच पदराने पुसली. धूसर. श्वास रोखून पुन्हा पाहिले. धूसरच.

गळ्यात चष्मा लोंबत होता. तो लावून समोर पाहिले असते, तर क्षणात कळले असते. पण तेच तर नको होते. कळेपर्यंत तरी डोळा आपला होता.

ऊन तेच, तळे तेच, वारा तोच. पण त्यांच्याभोवती एक काळोख हळूहळू, पायरी पायरीने चढत होता. तांदळातले खडे कोण वेचणार? नात सुट्टीत येईल तेव्हा केवढी झालेली असेल, ते हात फिरवून ओळखायचे का? एवढे चांगले सकाळचे ऊन, आणि बाईंना त्याचा राग आला. पलीकडे सारसांचा क्रेंकार उठला. एकाचा दीर्घ, दुसऱ्याचा त्यात मिसळलेला. तो ऐकून त्यांचा धीर सुटला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला दिसून नाही राहिलं."

दौलतरावांच्या हातातली चुन्याची डबी तशीच राहिली. चेहरा उतरला. काय करावे ते न सुचून त्यांनी बाईंच्या हातातून कॅमेरा घेतला आणि स्वतःचा डोळा लावला.

"मला तर साफ दिसून राहिलं," ते म्हणाले. मग कान धरून हळूच म्हणाले, "हेमा, काल तू शेजारी गेली होती ना, तेव्हा मीच घेतला होता हा. तू रोज एवढं काय पाहत राहते, म्हटलं पाहावं. मला सारं धुरकट. मग बाजूचं ते चाक फिरवत गेलो, साफ होईस्तोवर."

व्ह्यूफाइंडरच्या कडेचे ते इवले चाक! ज्याचा त्याचा नंबर बसवायचे. बाईंनी ते पहिल्या दिवशी फिरवले होते आणि विसरल्या होत्या. बाईंना जवळचे दिसे, दौलतरावांना लांबचे. यांनी आपला उजेड तिथे ठेवला, तोच बाईंचा अंधार झाला.

बाईंनी चाक मागे फिरवले. डाग आकसले, कडा जमल्या. आधी चोच आली, मग रक्तवर्ण मस्तक, मग पायांशी, चिखलाने माखलेले, पिल्लू. बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग यजमानांना चार शब्द सुनावलेही.

भीती गेली नव्हती. ती जरा बाजूला सरकून बांधावरच बसली होती.

बाईंनी कपाळावरची बारीक लाल टिकली काढली आणि चाकाच्या कडेला, आपल्या नंबरावर, चिकटवली.

"माझीही खूण करून ठेव," दौलतराव तळ्याकडे पाहत म्हणाले. "कधी वेळ आली, तर मी पाहून सांगत जाईन."

बाईंनी कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावून चाक सावकाश फिरवले, ते "बस" म्हणेपर्यंत; आणि त्यांच्याच डबीतला चुना बोटाच्या टोकावर घेऊन एक ठिपका दिला. सारस उडाले, पाणी हलले, पाणी थांबले. आणि उन्हात चमकत राहिले त्या चिमुकल्या चाकावर दोन ठिपके, एक लाल, एक पांढरा.