वाळुंजाचे सहा हात

गढीभोवतीचा खांबांचा मेढेकोट घरागणिक वाटून दिलेला होता. ज्याचं जेवढं शेत, तेवढे हात ओकचं लाकूड त्याने उभं करायचं आणि चाल आली की त्याच जागी उभं राहायचं. वुल्फरुनच्या घराकडे सहा हात आले होते. नवरा ऐन थंडीत तापाने गेला तेव्हा तिला सातवा सरत आला होता. ओक तोडणं तिच्याने होईना. ओढ्याकाठचं मऊ वाळुंज तिने एकटीने तोडलं, डांबर फासलं, पुरलं. कारभारी ऑसरिक आला आणि दोन खांबांवर काठी आपटून गेला. एवढं साल निभावलं तरी पुरे, असं तिने मनाला समजावलं.

पण वाळुंज कसलं मरतंय! वसंतात खांबांना पालवी फुटली. आतल्या बाजूची ती रोज पहाटे, कुणाला दिसायच्या आत, तान्हीला पाठीशी बांधून खुडून टाकायची. बाहेरची बाजू खंदकावर होती, तिथे हात पोचत नव्हता.

डेन लुटारूंची जहाजं नदीत दिसली आणि सगळा गाव गढीत शिरला. दोन दिवस ते पलीकडून नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी खंदकात फांद्या लोटत सरळ तिच्या सहा हातांवर आले. करड्या कोटात तेवढंच हिरवं होतं.

ऑसरिकने कोटावरून वाकून पाहिलं. तो ओरडला नाही.

"पोर कुणाकडे तरी दे," म्हणाला, "आणि आपल्या जागेवर ये."

"तुझं शेत बरं पिकलं गं," शेजारीण हिल्डबर्ग म्हणाली. तिचा दादला शेजारच्याच हातांवर उभा होता. तरी तिनेच हात पुढे केले.

वुल्फरुनने वेणीत अडकलेली इवली मूठ सोडवली. "डाव्या अंगाला धर. उजवीकडे झोपत नाही ती."

"आज कोण झोपतंय, बाई," म्हणत हिल्डबर्ग देवळाकडे गेली. गावची सगळी पोरं तिथेच कोंडली होती.

कुऱ्हाडी पडू लागल्या. ओल्या लाकडाचा कडकडाटही होत नव्हता, नुसतं थप, थप. वुल्फरुनने खांद्याने खांब रेटून धरला. देवळातल्या रडारडीत आपल्या तान्हीचा आवाज तिने ओळखला. दूध उतरलं, झगा पुढून भिजला. पातं बोटभर आत आलं, मग वीतभर.

कुणीतरी तिला गप्प करा, एवढंच तिच्या मनात येत होतं. म्हणजे तिथे कुणी आहे हे डेनांना कळणार नाही.